घरच्या संगणकाला फुकटातले कोणते अँटिव्हायरस पुरेल?

मानवतच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी सेकंड हँड डेस्कटॉप आहे. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि विंडोज १०. मुलगी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहते, पत्नी मराठी टायपिंगची कामे घेतात आणि तयार फाईली पेन ड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी नेतात, आणि ते स्वतः अधूनमधून बँकेचे व्यवहार व शेतीचे ऑनलाइन अर्ज त्यावरूनच करतात. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते. संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने टाकून दिलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असून आता उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ अशा सूचना सारख्या येत राहतात. फुकटातले सगळ्यात चांगले अँटिव्हायरस कोणते, दोन टाकले तर संरक्षण दुप्पट होईल का, आणि दुकानदार सुचवतो त्याप्रमाणे एखाद्या विकतच्या अँटिव्हायरसचे क्रॅक (पैसे न भरता परवाना तोडून चालवलेली आवृत्ती) टाकून घेतले तर काय बिघडते, असे त्यांनी विचारले आहे.

परभणीत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवताना हे प्रश्न मला नेहमीचे झाले आहेत, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर. तुमच्या वर्णनातल्या घरासाठी विंडोजसोबतच आलेले डिफेंडर हे अँटिव्हायरस पुरेसे आहे. त्याच्या शेजारी दुसरे काहीही कायमचे बसवू नका आणि क्रॅकला हात लावू नका. मात्र ‘पुरेसे’ या शब्दाला अटी आहेत. तुमच्या पत्रातला खरा धोका मला अँटिव्हायरसच्या नावात दिसत नाही. तो पेन ड्राइव्हच्या ये-जा करण्यात, थांबलेल्या अपडेटमध्ये आणि घरातल्या प्रत्येकाला सगळे काही बसवण्याची मुभा असलेल्या त्या एकाच खात्यात दिसतो.

सुरुवात कोपऱ्यातल्या सूचनांपासून करू, कारण त्या अँटिव्हायरसच्याच आहेत याची मला खात्री वाटत नाही. पुढच्या वेळी सूचना आली की ती लगेच बंद न करता बारकाईने वाचा. मजकुराच्या आसपास बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळाचे नाव दिसले, तर ती सूचना अँटिव्हायरसची नसून जाहिरात आहे. चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या पानावर कधीतरी ‘अलाऊ’ दाबले गेलेले असते, आणि त्या परवानगीच्या जोरावर ते संकेतस्थळ रोज भीती दाखवत राहते. अशा सूचनेवर क्लिक केले की अँटिव्हायरस विकणारे किंवा फोन नंबर देणारे पान उघडते. यावर उपाय अगदी साधा आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘नोटिफिकेशन्स’ इथे जावे, परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी पाहावी आणि ओळखीची नसतील ती सगळी काढून टाकावीत. माझ्याकडे ‘व्हायरस आला’ म्हणून येणाऱ्या घरगुती संगणकांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे एवढ्यावर थांबते, आणि त्यासाठी फॉरमॅट मारण्याचे पैसे कोणी घेतले असतील तर ते वाया गेले असे समजावे. पडदाभर लाल पान उघडून त्यावर ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असे लिहून आले, तरी प्रकार हाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो.

सूचना खरोखरच मुदत संपलेल्या अँटिव्हायरसची असेल, तर ते ठेवण्यात काही अर्थ नाही. दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपणहून बाजूला होते, आणि ते मुदतीनंतर अर्धवट स्थितीत पडून राहिले तर डिफेंडर पूर्ण ताबा घेईलच याची हमी देता येत नाही. म्हणून सेटिंग्जच्या ‘ॲप्स’मधून ते रीतसर काढा, संगणक रीस्टार्ट करा, आणि तरीही अवशेष दिसत असतील तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून तिचे स्वतःचे रिमूव्हल टूल घेऊन चालवा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. दोन्ही प्रोग्राम प्रत्येक फाईल उघडताक्षणी तपासू पाहतात, एकमेकांच्या कामाला संशयित ठरवतात, आणि ४ जीबी रॅम व जुनी हार्ड डिस्क असलेला संगणक त्या ओढाताणीत हँग होतो. संरक्षण दुप्पट होत नाही. उलट वैतागून कोणीतरी दोन्ही बंद करून टाकते.

आता डिफेंडरच का, हे सांगतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाने फुकट अँटिव्हायरस दिले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तेच काम डिफेंडर या नावाने विंडोजच्या आत आले. सुरुवातीची काही वर्षे ते फार कच्चे होते आणि आमच्या धंद्यातल्या पुष्कळांचे त्याविषयीचे मत तेव्हाचेच राहिले आहे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचणी संस्थांचे अलीकडचे निकाल पाहिले, तर डिफेंडर विकतच्या नावाजलेल्या प्रोग्रामांच्या पंक्तीला बसते असे दिसते. पण माझ्या दृष्टीने गुणांपेक्षा मोठे कारण वेगळे आहे. डिफेंडरला तुमच्याकडून काही विकत घ्यायला लावायचे नसते, त्यामुळे ते सतत खिडक्या उघडून घाबरवत नाही. आणि ज्या घरात लहानथोर सगळे एकच संगणक वापरतात, तिथे कमी बोलणारा प्रोग्राम जास्त काळ चालू राहतो.

फुकट देणारी कंपनी पोट कशावर भरते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. अव्हास्ट हे आपल्याकडे खूप वापरले गेलेले फुकट अँटिव्हायरस आहे. अव्हास्टच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचे २०२० च्या जानेवारीत उघड झाले आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. ज्या प्रोग्रामला आपण घराची राखण करायला बसवले, त्यानेच कोण कुठे गेले याची वही ठेवावी असा हा प्रकार होता. आज ते तसे करतात असे मी म्हणत नाही. पण अव्हास्ट घ्यावे की एव्हीजी की अविरा, या वादात पडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही तिन्ही नावे आणि नॉर्टन आता जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. मालवेअरबाइट्सचा फुकट भाग चांगला आहे, पण ट्रायल संपल्यावर तो फक्त आपण सांगू तेव्हाच तपासणी करतो, पहारा देत नाही. अधूनमधून दुसरे मत घेण्यापुरता तो ठीक. पुण्याचे क्विक हील आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, परंतु त्याचे घरगुती अँटिव्हायरस हे विकतचे उत्पादन आहे, फुकट मिळते ती ट्रायल.

आता अटींकडे वळतो, कारण डिफेंडरची एक उणी बाजू आपल्या भागात जास्त जाणवते. ते संशयित फाईल ओळखण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर बरेच अवलंबून असते. नेट चालू असताना त्याची ओळखण्याची क्षमता उत्तम असते. नेट बंद असताना ती बिटडिफेंडरसारख्या (हे दुसऱ्या कंपनीचे वेगळे अँटिव्हायरस) काही प्रोग्रामांपेक्षा कमी पडते, आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत ऑफलाइन आकडे वेगळे दिले जातात तिथे हा फरक दिसतो. तुमचे नेट हॉटस्पॉटवर, म्हणजे फोन बाहेर गेला की नेटही बाहेर गेले. नेमक्या त्याच वेळेस पेन ड्राइव्ह लावला जात असेल, तर डिफेंडरचा एक हात बांधलेला असतो. म्हणून पेन ड्राइव्ह लावण्याआधी हॉटस्पॉट चालू करण्याची सवय घरात लावा. तुमच्याकडे दिवसचे दिवस नेट नसते आणि बाहेरच्या पेन ड्राइव्हची वर्दळ रोजची आहे अशी स्थिती असेल, तर माझे उत्तर बदलेल. तेव्हा मी बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती बसवायला सांगेन, तिच्यासाठी खाते उघडावे लागते हे गृहीत धरून.

हॉटस्पॉटची दुसरी गोष्ट अपडेटची. मोबाईलचा डेटा संपू नये म्हणून ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवलेले असते, आणि मग विंडोजचे अपडेट आठवडेच्या आठवडे अडकून राहतात. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाच्या कोट्यातला डेटा शिल्लक असतोच. त्या वेळेस आठवड्यातून दोनदा तरी ‘मीटर्ड’ बंद करून विंडोज अपडेट तपासा, आणि ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ आहे तिथेही अपडेट तपासण्याचे बटण दाबा. शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते तिथेच लिहिलेले असते. ती तारीख महिन्यापूर्वीची असेल, तर अँटिव्हायरस कोणते हा प्रश्न विचारण्यातच अर्थ उरत नाही.

पेन ड्राइव्हविषयी थोडे सविस्तर लिहितो. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात दिवसभर गावातले सगळे पेन ड्राइव्ह जाऊन येतात, त्यामुळे तिथला एक बाधित झाला की संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीत प्रसाद पोहोचतो. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह उघडला की आतल्या फाईली दिसत नाहीत, पेन ड्राइव्हच्याच नावाचे एक चिन्ह दिसते आणि त्याच्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण असतो. फाईली गेल्या असे वाटून लोक त्या चिन्हावर डबल क्लिक करतात, फाईली उघडतात आणि जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात त्याच क्लिकने व्हायरस संगणकात उतरलेला असतो. मूळ फाईली लपवलेल्या फोल्डरमध्ये सुरक्षित असतात, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’ला टिक केली की त्या बऱ्याचदा दिसू लागतात. ज्यांना ही खूण माहीत आहे त्यांनी बाणावर क्लिक न करता आधी पेन ड्राइव्हवर उजवे क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे टायपिंगची फाईल पीडीएफ करून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवणे. मराठी फाँट तिकडे नसल्याने अक्षरे बिघडण्याची कटकटही त्यामुळे वाचते. पेन ड्राइव्ह न्यावाच लागत असेल, तर बाहेर नेण्याचा एक वेगळा ठेवा आणि घरातल्या फोटोंचा किंवा कागदपत्रांचा पेन ड्राइव्ह दुकानात कधीही नेऊ नका.

क्रॅकबद्दल माझे मत कडक आहे. क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर चालवताना पहिली सूचना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते, आणि जो प्रोग्राम पहारेकऱ्याला बाहेर काढल्याशिवाय आत येऊ शकत नाही त्याच्यावर पहाऱ्याचे काम सोपवणे हे मला पटत नाही. शिवाय क्रॅक केलेल्या अँटिव्हायरसचे अपडेट कधी बंद पडेल याचा नेम नसतो. तुमचा संगणक सेकंड हँड आहे म्हणून आणखी एक जागा आवर्जून तपासा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये खालच्या बाजूला ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. तिथे ज्यांची नावे असतात त्या फाईली आणि फोल्डर डिफेंडर तपासत नाही. विंडोजचे किंवा टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे क्रॅक चालावे म्हणून कोणीतरी तिथे आख्खा सी ड्राइव्ह लिहून ठेवल्याचे मी पाहिले आहे. हिरवी टिक दिसत राहते आणि आत तपासणी शून्य. ती यादी रिकामी करा. रिकामी केल्यावर डिफेंडरने एखादे क्रॅक पकडले आणि एखादा प्रोग्राम बंद पडला, तर त्याचा परवाना घेण्याचा किंवा युनिकोड टायपिंगकडे (कुठल्याही संगणकावर मराठी तशीच दिसणारी टायपिंगची पद्धत) वळण्याचा विचार करण्याची ती वेळ आहे.

यादी रिकामी झाल्यावर एकदा पूर्ण स्कॅन करा आणि त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय चालवा. त्यात संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजमध्ये लपून बसणारे प्रकार सापडतात. मध्येच वीज जाऊ नये म्हणून भारनियमनाची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टर भरलेला असताना हे करा. दुसरे मत हवे असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर, जे २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, फुकट सफाई टूल्स मिळतात. एकदा तपासून झाले की काम झाले, त्यांना कायमचे चालू ठेवण्याची गरज नाही.

यानंतर जे दोन बदल मी सांगतो ते अँटिव्हायरस नाहीत, तरी माझ्या अनुभवात त्यांचा उपयोग अँटिव्हायरस बदलण्यापेक्षा जास्त होतो. पहिला, घरात रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते तयार करा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड फक्त तुम्ही दोघांनी ठेवा. मुलीने चुकून एखादे सॉफ्टवेअर डाउनलोड केले, तरी ते संगणकभर बसवण्याआधी पासवर्ड मागितला जाईल आणि विचार करायला एक क्षण मिळेल. दुसरा, पत्नींच्या टायपिंगच्या फाईली आणि घरातले फोटो यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारे रॅन्समवेअर लावून ठेवलेल्या डिस्कवरही हात मारते, काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोहोचत नाही. महत्त्वाच्या कागदपत्रांपुरते गूगलचे फुकट १५ जीबी घरासाठी पुष्कळ आहेत. डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची रॅन्समवेअरविरुद्धची सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू करून पाहण्यासारखी आहे, पण जुने टायपिंगचे सॉफ्टवेअर किंवा स्कॅनर त्यानंतर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये फाईल सेव्ह करू शकत नाही अशी तक्रार येते, तेव्हा घाबरून सगळेच बंद न करता त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी.

बँकेच्या व्यवहारांबाबत एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. कोणीतरी बँकेतून बोलतो असे सांगून एनीडेस्कसारखा प्रोग्राम तुमच्याकडूनच बसवून घेतला आणि पडदा पाहू लागला, तर जगातले कोणतेही अँटिव्हायरस त्याला थांबवेलच असे नाही, कारण तो प्रोग्राम मुळात व्हायरसच नाही. दुरुस्तीसाठी मीही तो वापरतो. आपण स्वतः फोन करून बोलावलेल्या माणसाखेरीज कोणालाही असा प्रवेश देऊ नये. पैसे गेल्याचे लक्षात आले तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते.

शेवटी विंडोज १० चा विषय. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या विंडोज १० साठी २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, त्यामुळे अँटिव्हायरस चालू दिसेल. पण विंडोजमधल्याच भेगा बुजवणारे अपडेट हवे असतील तर वाढीव आधारासाठी नाव नोंदवावे लागते, आणि त्याची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची होती. नोंदणीचा एक मार्ग फुकट ठेवलेला आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करावा लागतो. विंडोज ११ वर जाता येईल का, हे प्रोसेसरवर ठरते. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाऊट’ इथे आय३ च्या पुढे आकडा लिहिलेला असतो; ३२२० सारखा असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, ८१०० सारखा असेल तर आठव्या पिढीचा. आठव्या पिढीच्या आतल्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि जुगाड करून बसवलेल्या विंडोजचे अपडेट पुढे मिळत राहतील याचा भरवसा नसतो. तसा प्रोसेसर निघाला तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीचा विचार करता येईल, मात्र त्याआधी पत्नींचे टायपिंगचे काम युनिकोडमध्ये चालते की जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे हे पाहावे लागेल, कारण ती जुनी सॉफ्टवेअर लिनक्सवर बहुधा चालत नाहीत. प्रोसेसरचा तो आकडा, हार्ड डिस्क साधी आहे की एसएसडी, आणि टायपिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरता एवढे कळवलेत, तर या शेवटच्या भागाचे उत्तर नेमकेपणाने देता येईल.